नऊचा पत्रा

स्केलथॉर्प, यॉर्कशायर
रविवार, ६ मार्च १९८३

प्रिय सिरिल,

माझी तार तुला पोहोचली असेल. तारेत जास्त लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुझा भाऊ क्लेम मंगळवारी, २२ फेब्रुवारीला सकाळी गेला. छातीचं दुखणं नाताळापासून होतं. फार त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. मी ते मान्य केलं आहे.

प्रार्थना शुक्रवारी चॅपेलमध्ये झाली. क्लबची जुनी माणसं आली होती, तेवीस. मी मोजली. मोजायची सवय काही सुटत नाही. त्या ओल्डरॉइडला तू ओळखशील, शर्यत सुटताना झेंडा खाली टाकायचा तो. अजून तोच टाय बांधतो. शवगाडी निघाली तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, "क्लेम जन्मात कुणाच्या मागून एवढा हळू गेला नव्हता. आता ओव्हरटेक करतो की काय बघ." मेव्हिस अ‍ॅपलयार्ड हसली. मग मीही हसले. नंतर आमच्याकडे चहा आणि हॅम सँडविच होतं. सँडविच कमी पडलं नाही.

पेपरात चार ओळी आल्या. "स्थानिक बस-गॅरेजचे मालक व एकेकाळचे मोटारशर्यतपटू." अकरा शर्यती जिंकल्या असं छापलं आहे. सतरा होत्या. मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत तो एकदा उतरला होता, एकोणसाठ साली, उसनी जुनी गाडी घेऊन. अकराव्या फेरीला तेलाचा दाब गेला आणि तो चालत परत आला. हे अकरा आणि ते अकरा यांची त्यांनी गल्लत केली असावी. मी संपादकाला लिहिलं नाही.

ती छोटी शर्यतीची गाडी अजून शेडमध्ये आहे. त्याने ती विकली नाही. भिंतीवर तू प्रत्येक पान्याभोवती पांढऱ्या रंगाने रेघ ओढून ठेवली होतीस, तीही तशीच आहे. दोन जागा रिकाम्या आहेत. ते पाने तू बरोबर नेलेस. चोवीस वर्षांत क्लेमने त्या जागी दुसरं काही टांगू दिलं नाही. मी एकदा तिथे केरसुणी अडकवली तर म्हणाला, "तिथे नको, मास्तरीण." एवढंच.

तू परदेशी गेल्यापासून मी तुला एकदाही लिहिलं नाही. नाताळचं कार्ड तू पाठवायचास, आमच्या दोघांच्या नावाने, आणि उत्तर क्लेमने द्यावं असं मी धरून चालायचे. तो देत नसे हे मला माहीत होतं.

राख माझ्याकडे आहे. ती स्केलथॉर्पच्या जुन्या शर्यतीच्या धावपट्टीवर, शेवटच्या वळणाला टाकायची असं तो सांगून गेला. डुक्करवाड्याच्या वळणाला. मी म्हटलं, "चांगली जागा सुचली नाही का?" तर म्हणाला, "तिथे मला सगळे ओळखतात, डुकरंसुद्धा." ओल्डरॉइड उन्हाळ्यात क्लबची माणसं जमवणार आहे. तू यावंस असं मला वाटतं.

आणखी एक. शेवटच्या आठवड्यात त्याने तुझ्यासाठी निरोप ठेवला. तो मी पुढच्या पत्रात लिहीन. आज जमत नाही.

तुझी,
डोरीन


रविवार, २७ मार्च १९८३

प्रिय सिरिल,

तुझ्या चार ओळी गुरुवारी मिळाल्या. "निरोप काय तो लिही, डोरीन. वाईट असला तरी चालेल, आता मी म्हातारा झालोय." तू एक्कावन्न वर्षांचा आहेस. पण मी टाळाटाळ केली हे खरं.

निरोप असा आहे. क्लेमचेच शब्द: "सिरिलला सांग, पत्रा कुणाच्याही हातून चुकतो. ते मेंढ्यांचं मी बोलायला नको होतं."

दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा माझं मनगट धरून. मी म्हणाले, "सांगते." मग नर्स चहा घेऊन आली, आणि मी त्याच्या उशा नीट करायला लागले.

हा निरोप तसाच पाठवून मी गप्प बसू शकले असते. त्याला बरं वाटलं होतं, तुलाही वाटलं असतं. तीन रविवार मी तेवढंच पत्र लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडलं. पत्रा तुझ्या हातून चुकला नव्हता. त्याने क्षमा केली ती चुकीच्या माणसाला.

तुला तो शर्यतीचा दिवस आठवत असणार. तरी माझ्या बाजूने लिहिते, कारण माझी बाजू तू कधी ऐकली नाहीस.

अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये मेव्हिसचा नवरा रेग अ‍ॅपलयार्ड शर्यतीत गेला होता. त्या दिवशी मी मेव्हिसच्या शेजारीच बसले होते, दोघींच्या मांडीवर फेऱ्यांच्या वेळा लिहायचे आपापले तक्ते, हातात आपापली घड्याळं. रेगची गाडी आली नाही. मेव्हिस म्हणाली, "चेन तुटली असेल." आम्ही थांबलो. पुढे लोक आले, तिला घेऊन गेले, मी तिच्याबरोबर गाडीत बसले. घरी पोचल्यावर मी तिची बोटं सोडवून घड्याळ काढून घेतलं. ते चालूच होतं. दोन तास चौदा मिनिटं झाली होती. मी ते बंद केलं.

हे मी कोणाला सांगितलं नाही. क्लेमलाही नाही. सप्टेंबरपर्यंत मी प्रत्येक शर्यतीला गेले, डबे भरले, तुमचे दोघांचे इंजिनातल्या एरंडेल तेलाने माखलेले डगले धुतले.

मग तो शनिवार. लॉन्ड्रीची जुनी व्हॅन, मागे गाडी, पुढे आपण तिघं. मोटारकारखान्याच्या संघाकडून तो तपकिरी टोपीवाला गृहस्थ येणार होता. पुढच्या वर्षी मोठ्या गाडीत कोणाला बसवायचं, क्लेमला की त्या पोरसवदा लॅक्सीला, ते तो बघणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्लेम वाटेत म्हणाला, "आज त्या टोपीला खिशात घालतो बघ, मास्तरीण." तू म्हणालास, "आधी चौथा गिअर खिशात घाल. तो गेल्या वेळी दोनदा बाहेर पडला." तो म्हणाला, "गिअर तू बसवलेला. पडणारच." तू एरवी त्याला सोडलं नसतंस. त्या दिवशी तू गप्प बसलास. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

आपली पद्धत ठरलेली होती. मी घड्याळ बघून मागच्या गाडीचं अंतर सेकंदांत सांगायचं, तू काळ्या पाटीच्या खिळ्यांवर पत्र्याचे आकडे अडकवायचे आणि रस्त्याकडेच्या पिटच्या भिंतीबाहेर धरायचे. आरशात त्याला थरथरीमुळे काहीच दिसत नसे. इंजिन पाठीला, त्यामुळे मागच्याचा आवाजही येत नसे. त्याला मागे कोण आहे ते फक्त आपण सांगू तेवढंच कळायचं. तेही एक फेरी जुनं.

वीस फेऱ्यांची शर्यत. रस्ता ओला होता. बाराव्या फेरीपासून क्लेम पहिला आणि लॅक्सी मागे. डुक्करवाड्याच्या वळणाला तो दर फेरीला मागची दोन्ही चाकं गवतावर नेत होता. प्रत्येक वेळी थोडी जास्त. लोक टाळ्या वाजवत होते. टोपीवाला वहीत काही तरी लिहीत होता. मला तिकडे बघवेना, आणि बघणं हेच तर माझं काम होतं.

सतरावी फेरी संपली तेव्हा अंतर दोन सेकंद आणि एक दशांश होतं. तू विचारलंस, "किती?"

मी म्हणाले, "नऊ."

मी आधी ठरवलं नव्हतं. पण चुकूनही म्हटलं नाही. नऊ म्हटलं तर तो सावकाश येईल हे मला माहीत होतं, आणि म्हणून मी नऊ म्हटलं. पुढच्या फेरीला तो आला तेव्हा तू पाटी बाहेर धरलीस. त्याने हात वर करून पाहिल्याची खूण केली. एकोणिसाव्या आणि विसाव्या फेरीला त्याने चारही चाकं रस्त्यावर ठेवली. अगदी शाळेत जायला निघाल्यासारखा आला. आणि शेवटच्या वळणावर लॅक्सी त्याच्या आतून गेला. क्लेम एका गाडीच्या लांबीने हरला.

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त भोगलंस. हेल्मेट काढायच्या आतच तो ओरडला, "नऊ? लॅक्सी माझ्या मानेवर श्वास टाकत होता आणि तू मला नऊ दाखवतोस?" तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या मांडीवर तक्ता होता. मी तक्त्याकडे बघत राहिले. मग तू म्हणालास, "पत्रा चुकला. घाईत हाताला लागला तो लावला."

"आकडे कळत नसतील तर न्यूझीलंडला जा आणि मेंढ्या मोज," क्लेम म्हणाला. "तिथे चुकलं तरी मेंढी हरत नाही."

सगळे हसले. टोपीवालासुद्धा. आणि जानेवारीत तू खरंच गेलास.

मी शाळेत तीस वर्षं अंकगणित शिकवलं. माझा आकडा चुकेल असं कोणाच्या मनातही आलं नसतं. क्लेमने तर तो तक्ता कधी मागितलाच नाही. एकदा ओल्डरॉइड म्हणाला, "तक्ता बघ ना एकदा." तर हा म्हणाला, "माझ्या बायकोची बेरीज तपासायची म्हणजे मला दुसरं काम नाही का?"

तो तक्ता या पाकिटात आहे. सतराव्या फेरीपुढे बघ. २.१ लिहिलं आहे. खोटं बोलायला माझी जीभ वळली, लिहायला हात वळला नाही.

पुढे लॅक्सी मोठ्या गाड्यांत गेला, दोन वर्षांनी परदेशात त्याला अपघात झाला, तो आता काठी घेऊन चालतो. ती बातमी वाचली तेव्हा मी स्वतःशी म्हटलं, बघ, तिथे क्लेम असता. बरीच वर्षं मी त्यावर निभावून नेलं. पण ते खरं नाही. लॅक्सीचं झालं ते लॅक्सीचं. क्लेमचं काय झालं असतं हे कोणालाच कळायचं नाही, कारण मी ते होऊ दिलं नाही. तू गेल्यावर त्याचं इंजिन पुन्हा तसं कधी वाजलं नाही. एकसष्ट साली त्याने सोडलं. पुढे बावीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या. तो दुःखी नव्हता, असं मला वाटतं. पण रविवारी दुपारी शेडमध्ये जाऊन तो गाडीत नुसता बसायचा, आणि मी स्वयंपाकघरातून बघायचे.

मी त्याला सांगायला हवं होतं. रोज सांगता आलं असतं. आता उरलास तू. क्षमा कर असं मी म्हणत नाही. तुला खरं कळावं एवढंच.

डोरीन


रविवार, २४ एप्रिल १९८३

प्रिय सिरिल,

तुझं पत्र १३ तारखेला, बुधवारी आलं. सहा पानं. तू सहा पानं लिहू शकतोस हे मला माहीत नव्हतं.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचून फार रागावले. ते आधी सांगते, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

तू लिहितोस: "मला कान आहेत, डोरीन. क्लेम समोरून गेला की मी मनात एक-दोन मोजायचो, आणि दोनला लॅक्सी यायचा. प्रत्येक फेरीला. नऊ कुठेच नव्हते. तू नऊ म्हणालीस तेव्हा मला वाटलं, बाईचं आज काही तरी चुकलं. 'परत बघ' म्हणायला मला वेळ होता. मी म्हटलं नाही. मला बरंच वाटलं. मी पत्रा उचलला आणि लावला."

आणि मग कारण. त्या सकाळी मागच्या चाकाच्या दांड्याला तुला केसाएवढी चीर दिसली. तू ती व्हॅनमागे वेल्डिंग करून सांधलीस, वर काळा रंग फासलास आणि क्लेमला सांगितलं नाहीस. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "टिकेल का?" आणि तुला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून वाटेत तू गप्प होतास. वीस फेऱ्या तू त्याच्याकडे बघतच नव्हतास, त्या दांड्याकडे बघत होतास. "तू नऊ म्हणालीस आणि मला वाटलं, देवाने ऐकलं." असं तू लिहिलं आहेस.

राग याचा आला की चोवीस वर्षं मी तुला निरपराध समजत होते. तुझं ओझं मी वाहिलं आणि ते तुझंच निघालं. मी कप धुता धुता मोठ्याने म्हणाले, "गाढव कुठला." घरात कोणी नव्हतं.

मग मी शेडमध्ये गेले. दुपार होती, ऊन आत आलं होतं. मला त्यातलं काही कळत नाही, तरी तू लिहिलंस तिथे, डाव्या बाजूला, खालच्या दांड्यावर बोट फिरवलं. रंगाखाली एक उंचवटा लागला. सोमवारी ओल्डरॉइडला बोलावलं. तो जमिनीवर आडवा झाला, त्याला उठवायला मलाच हात द्यावा लागला. त्याने रंग खरवडला, टॉर्च लावली, पान्याने ठोकून बघितलं.

"कोणी केलाय हा जोड?" त्याने विचारलं.

"सिरिलने. अठ्ठावन्न साली."

"पोलादापेक्षा पक्का आहे. बाकीची गाडी गंजून पडेल, हा राहील. का गं?"

मी म्हटलं, "काही नाही. त्याला कळवायचं आहे."

तेव्हा कळवते. क्लेमने त्यानंतर तीन मोसम त्याच दांड्यावर गाडी चालवली. जोड टिकला. तुझी भीती खोटी ठरली. माझी खरी ठरली असती की खोटी, ते कळणार नाही. पण तो हरला तो आपल्या दोघांच्या भीतीमुळे. भिंतीपाशी दोघं होतो आणि दोघांनाही खरा आकडा माहीत होता. फक्त त्याला तो माहीत नव्हता. आणि तो जाताना म्हणाला की पत्रा कुणाच्याही हातून चुकतो.

राग आता गेला आहे. खरं सांगायचं तर गुरुवारी सकाळी उठले तेव्हा बरं वाटत होतं, आणि त्याची मला लाज वाटली. कोणी तरी दुसरंही त्यात होतं, म्हणून बरं वाटत होतं.

तू शेवटी विचारतोस, "येऊ का, की माझं तोंड बघायची तुला इच्छा नाही?" ये. रविवार, १० जुलै ठरला आहे. ओल्डरॉइड म्हणतो, गाडी सुरू करता आली तर तो राख मांडीवर घेऊन तीन फेऱ्या मारेल आणि चौथीला वळणावर थांबेल. पण ते इंजिन इथे कोणाचं ऐकत नाही. त्याला तू लागशील.

ते दोन पाने बरोबर आण.

डोरीन


रविवार, १२ जून १९८३

प्रिय सिरिल,

तिकीट काढल्याचं कळलं. लीड्सला स्टेशनवर मी येईन. तू मला ओळखशील का माहीत नाही. केस पांढरे झाले आहेत आणि कोट निळा आहे. तू बायकोला आणत नाहीस हे समजलं. मेंढ्यांची लोकर कापायची वेळ असती तर तूही आला नसतास, हे तिने लिहिलेलं वाक्य मला आवडलं. तिला माझा नमस्कार सांग.

माडीवरच्या खोलीत तुझं अंथरूण घातलं आहे. मेव्हिस आल्याचा केक करणार आहे. तिला मी सगळं सांगितलं, पुढच्या खोलीत बसून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तेव्हा सुचलं असतं तर मी नव्वद म्हटलं असतं." तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मी ते तसंच घेतलं.

ओल्डरॉइडलाही सांगितलं. तो म्हणाला, "निकाल आता बदलत नाही गं पोरी. क्लेम दुसरा." मी म्हटलं, निकाल बदलायचा नाहीये.

पाटी माळ्यावर सापडली. खिळे गंजले होते, ते बदलले. काळा रंग दिला. पत्र्याचे आकडे बिस्किटाच्या डब्यात होते, सगळे आहेत. मी ते रॉकेलने पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडून ठेवले आहेत. नऊला थोडा पोचा आला आहे. त्या दिवशी तू पाटी जमिनीवर आपटलीस तेव्हाचा असेल.

ओल्डरॉइडची पहिली फेरी संपली की तो भिंतीसमोरून जाईल. पाटी नेहमीसारखी तूच बाहेर धर. घड्याळ माझ्याकडे असेल, पण ते मी चालू करणार नाही. तू मला विचार, "किती?" सगळ्यांना ऐकू जाईल असं विचार.

मी दोन म्हणेन. तू दोन लाव.

डोरीन